इंग्रजीत प्रश्न विचारताना

'तू आलास का?' आणि 'तू का आलास?' या दोन वाक्यांतील शब्द तेच आहेत. केवळ 'का'ची जागा बदलली आणि अर्थ बदलला. पहिल्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढे उत्तर पुरते, दुसऱ्याला कारण सांगावे लागते. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी जोडता येईल असा 'का' नाही. तेथे प्रश्न तयार होतो तो क्रियापदाची जागा बदलून, आणि मराठी भाषकाची चूक नेमकी येथेच होते.

होय-नाही प्रश्न : विधानात 'इज', 'आर', 'वॉज' यांसारखे रूप किंवा 'कॅन', 'विल', 'शुड' यांसारखे सहायक क्रियापद असेल, तर ते कर्त्याच्या आधी आणावे. 'शी इज रेडी'चा प्रश्न होतो 'इज शी रेडी?' असे क्रियापद नसेल, तर 'डू', 'डझ' किंवा 'डिड'ची मदत घ्यावी लागते. 'ही वर्क्स हिअर'वरून 'डझ ही वर्क हिअर?' काळाची खूण 'डिड'ने एकदा दाखवली की मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते. म्हणून 'डिड यू वेन्ट?' हे चूक, 'डिड यू गो?' हे बरोबर. शेक्सपिअरच्या (१५६४-१६१६) काळात 'डू'वाचूनही असे प्रश्न विचारले जात. पुढे त्याचा वापर रूढ झाला.

प्रश्नार्थक शब्द : 'व्हेअर', 'व्हेन', 'व्हाय' हे शब्द आरंभी आले तरी वरील नियम सुटत नाही. 'व्हेअर यू आर गोइंग?' असे न म्हणता 'व्हेअर आर यू गोइंग?' असे म्हणावे. मात्र 'हू' किंवा 'व्हॉट' स्वतःच कर्ता असेल तर क्रम बदलत नाही : 'हू ब्रोक द ग्लास?'

अप्रत्यक्ष प्रश्न : सौजन्याने विचारताना प्रश्न दुसऱ्या वाक्यात गुंफला जातो. तेव्हा आतील भाग विधानासारखाच राहतो : 'कुड यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?' येथे 'व्हेअर इज द स्टेशन' म्हणू नये.

वाक्याअखेरचा 'ना' : मराठीत 'ना?' कोणत्याही वाक्याला चालतो. इंग्रजीत तो क्रियापदाप्रमाणे बदलतो : 'यू आर कमिंग, आरन्ट यू?', 'ही लेफ्ट, डिडन्ट ही?' सरसकट 'इझन्ट इट?' लावणे प्रमाण इंग्रजीत बसत नाही.

नकारार्थी प्रश्नाचे उत्तर : येथील चूक महागात पडू शकते. 'हॅवन्ट यू टेकन युवर मेडिसिन?' असे डॉक्टरांनी विचारले आणि औषध घेतलेले नसेल, तर मराठीत आपण सहज म्हणतो, 'हो, नाही घेतले.' आपला 'हो' विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीतील 'येस' आणि 'नो' मात्र प्रत्यक्ष घटनेला धरून असतात. नुसते 'येस' म्हटले, तर औषध घेतले असाच अर्थ होतो. औषध घेतले नसेल तर 'नो, आय हॅवन्ट' आणि घेतले असेल तर 'येस, आय हॅव' असे उत्तर द्यावे. नकारार्थी प्रश्नाला एका शब्दात उत्तर न देता क्रियापदासह द्यावे. गैरसमजाला जागा उरत नाही.