किलिमांजारो चढाईची पूर्वतयारी
टांझानियातील किलिमांजारोच्या ५,८९५ मीटर उंच उहुरू शिखरावर मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही. नेहमीच्या पायवाटांवर दोरखंडाचे कौशल्य लागत नाही. कसोटी असते ती विरळ हवेची. शिखरावर प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम निम्मा मिळतो. व्यायामाने दम वाढतो. उंचीचा आजार मात्र त्याने टळत नाही. त्यासाठी शरीराला दिवसच द्यावे लागतात. म्हणून रजा वाचवणाऱ्या ५ दिवसांच्या मोहिमेपेक्षा ७ दिवसांचा माचामे किंवा ८ दिवसांचा लेमोशो मार्ग श्रेयस्कर. काही महिने आधीपासून पाठीवर ओझे घेऊन चढ-उताराचा सराव करावा, पायांत रुळलेलेच बूट न्यावेत, औषधांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. डोकेदुखी, मळमळ वा तोल जाणे मार्गदर्शकापासून लपवू नये. लक्षणे बळावल्यास तातडीने खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय होय.