वाऱ्याचं घर आणि विजेची शेकोटी

विजेचा हीटर कुठला घ्यावा, हा काही इतिहासाच्या निवृत्त बाईंना विचारायचा प्रश्न नव्हे. पण माझा नातू नोकरीसाठी मँचेस्टरला गेला, लाल विटांच्या एका जुन्या घराचा वरचा मजला त्याने भाड्याने घेतला आणि नोव्हेंबर लागताच आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काथ्याकूट सुरू झाला. मामा म्हणाला, तेलाचा घे. आत्या म्हणाली, पंख्याचा घे, लगेच ऊब येते. "आजी, तुला काय वाटतं?" मग काय, बसले वाचायला. जे हाती लागलं ते इथे मांडते. परदेशी भाड्याच्या घरात कुडकुडणाऱ्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच आहे.

मला आधी भलताच प्रश्न पडला. इतक्या थंड देशातल्या लोकांनी इतका वारा शिरणारी घरं बांधलीच कशी?

याचं उत्तर कोळशात आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या या घरांत खोलीखोलीत कोळशाची शेगडी असे, भिंतीत बसवलेली, वर धुराडं. विस्तव पेटता राहायला हवा लागते आणि धूर वर चढायलाही खालून हवा यावी लागते. ती येई खिडक्यांच्या आणि जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून. घर अगदी घट्ट बंद केलं असतं तर खोली धुराने भरली असती. म्हणजे तो वारा घराच्या रचनेतच धरलेला होता म्हणा ना! बरीचशी उष्णता मात्र धुराड्यातून आकाशात जाई. काउंट रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १७९६ साली यावर निबंध लिहून धुराड्याचा गळा अरुंद करा असं सांगितलं होतं. तरी माणसं शेगडीला खेटून बसत, तोंड भाजतंय आणि पाठ गारठलेली.

पुढे या धुरानेच घात केला. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धुरकं साचून राहिलं. सुमारे चार हजार माणसं दगावली असा तेव्हाचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि शहरांतल्या कोळशाच्या शेगड्या हळूहळू विझल्या. विस्तव गेला, पण त्याच्यासाठी ठेवलेल्या फटी बऱ्याच घरांत तशाच राहिल्या. माझ्या नातवाच्या खोलीत आज जो वारा फिरतो, तो असा शंभराहून जास्त वर्षांचा जुना भाडेकरू आहे.

आता विजेकडे वळू. विजेपासून उष्णता किती मिळते याचा नियम शोधला जेम्स जूलने, १८४०-४१ च्या सुमारास. हा गृहस्थ मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डचा, बिअर गाळणाऱ्या घराण्यातला. मँचेस्टरच्या टाउन हॉलमध्ये त्याचा पुतळा आहे. नियम सापडला तरी लालभडक तापूनही हवेत जळून न जाणारी तार हवी होती. ती अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्शने निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रणातून बनवली. १९०६ साली त्याला पेटंट मिळालं. १९१२ साली लंडनजवळ एनफिल्डला चार्ल्स बेलिंगने अशी तार भाजलेल्या मातीवर गुंडाळून विजेच्या शेगड्या करायला सुरुवात केली.

पण वीज तरी कुठून येणार? तीही कोळशातूनच! १९४७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या वर्षी, तिकडे भयंकर थंडी पडली, कोळसा वीजकेंद्रांपर्यंत पोचेना आणि लोकांच्या घरची वीज दिवसाचे काही तास बंद ठेवावी लागली. भाड्याच्या खोल्यांत तर नाणं टाकायचे मीटर असत. शिलिंग टाका, शेगडी पेटेल. शिलिंग संपला की गार. रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापवून ठेवणारे हीटर साठच्या दशकात पसरले, १९७८ साली रात्रीच्या सात तासांचा खास दरही आला. पण वारा शिरणाऱ्या घरात ती साठवलेली ऊब संध्याकाळी माणूस कामावरून येईपर्यंत निम्मीशिम्मी उडालेली असते.

तर मग घ्यायचा कुठला? जूलचा नियम सांगतो की तार तापवणारा हीटर महाग असो की स्वस्त, एका युनिटात उष्णता तेवढीच देतो. फरक आहे तो ही उष्णता जाते कुठे यात. पंख्याचा हीटर हवा तापवतो आणि ती हवा फटीतून निघून जाते. तेलाचाही हवाच तापवतो, फक्त सावकाश. दार लावून घेता येईल अशा लहान झोपायच्या खोलीत तो बरा. पण लाल होऊन समोर किरणं फेकणारा हीटर थेट माणसाला तापवतो. आपली शेकोटी कुठे अंगण गरम करते? ती भोवती बसलेल्यांना शेकते.

हिशेबच करू. २०२२ च्या हिवाळ्यात सरकारने दराला चाप लावूनही तिकडे वीज युनिटला सरासरी ३४ पेन्स होती. दोन किलोवॉटचा हीटर म्हणजे तासाला ६८ पेन्स. समोर ठेवलेला चारशे वॉटचा किरणांचा हीटर साधारण १४ पेन्स. मांडीवर घ्यायचं शंभर वॉटचं विजेचं पांघरूण साडेतीन पेन्ससुद्धा नाही. नातवाला मी शेवटचे दोन सुचवले आणि दाराखाली जुन्या चादरीची गुंडाळी लावायला सांगितली. हवा खेळायच्या जाळ्या मात्र बुजवू नकोस म्हटलं, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. आणि हीटर भिंतीतल्या सॉकेटलाच लावायचा, त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत.

पण खरं दुखणं हीटरने बरं होत नाही. खिडकी बदलणं, भिंतींना अस्तर घालणं, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून एका युनिटाला सुमारे तीन युनिटांची ऊब देणारा हीट पंप बसवणं, हे सगळं घरमालकाच्या हातात. बिल भाडेकरूच्या माथी. वारा ज्याला थांबवता येतो त्याला तो लागत नाही, आणि ज्याला लागतो त्याला थांबवता येत नाही. शिलिंगच्या मीटरपासून आजपर्यंत गोष्ट तीच. कायदा थोडा हलला आहे: इंग्लंड-वेल्समध्ये नव्या भाडेकरारांना २०१८ पासून आणि जुन्यांना २०२० पासून घराची ऊर्जाप्रतवारी निदान 'ई' असावी लागते, काही सवलती सोडून. पण 'ई' म्हणजे सातांतली पाचवी पायरी. काठावर पास!

म्हणून बाहेरगावी शिकायला-नोकरीला गेलेल्या सगळ्या नातवंडांना सांगते, घर बघायला जाल तेव्हा नुसतं स्वयंपाकघर आणि स्टेशनचं अंतर बघू नका. प्रतवारीचा दाखला मागा, आणि खिडकीच्या कडेला ओला हात धरून बघा. गार लागला तर भाड्यात हीटरचं बिल मिळवा आणि मगच सही करा.