मोटारीच्या रंगावरील ओरखडे : निदान आणि घरगुती उपाय

ओरखडा किती लांब आहे हे आधी डोळ्यांत भरते. उपाय मात्र तो किती खोल आहे यावरून ठरतो. कारखान्यात मोटारीच्या पत्र्यावर सामान्यतः चार थर चढतात : विद्युतप्रवाहाने बसवलेला गंजरोधक थर, प्राइमर, रंग देणारा बेस कोट आणि पारदर्शक क्लिअर कोट. सगळ्यांची मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. त्यात क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा.

निदान. गाडी धुऊन जागा कोरडी करावी. काही वेळा तो ओरखडा नसतोच. घासून गेलेल्या भिंतीचा किंवा दुसऱ्या गाडीचा रंग वर चिकटलेला असतो. खऱ्या ओरखड्यावर पाणी लावून पाहावे. दिसेनासा झाला, तर इजा क्लिअर कोटपुरती आहे. कोरड्या चरीत प्रकाश विखुरतो, म्हणून ती पांढरट दिसते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, क्लिअर कोटचा सुमारे १.५, दोन्ही जवळचे असल्याने चरीत पाणी भरताच विखुरणे घटते. ओली करूनही चर दिसत असेल आणि नख अडकत असेल, तर इजा खोल आहे. तळाशी चकाकता धातू किंवा तांबूस डाग दिसला, तर पत्रा उघडा पडला आहे.

वरवरची इजा. रबिंग कंपाउंड चर भरत नाही. आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून चरीच्या पातळीला आणते. त्यामुळे प्रत्येक घासणीला जाडी खर्ची पडते. बोनेटच्या कडांवर थर पातळ असतो, तिथे हात हलका ठेवावा.

रंगापर्यंतची इजा. गाडीवरच्या पट्टीवरून, बहुधा दाराच्या खांबावरून, रंगाचा कोड घ्यावा. टचअपचा रंग पातळ हातांनी, प्रत्येक हात वाळू देत भरावा. थिनर उडाला की रंग आकसतो. म्हणून शेवटचा क्लिअर कोट किंचित उंच ठेवावा. तो पूर्ण कडक झाल्यावर २००० नंबरच्या वॉटर पेपरने सपाट करून कंपाउंड मारावे. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे कण ब्रशने वेगळ्या दिशेने बसतात, त्यामुळे कोड बरोबर असूनही छटेत फरक पडतो.

पत्र्यापर्यंतची इजा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि कडेचा धड रंगही उचलतो. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत हे आणखी लवकर घडते. गंज पूर्ण घासून काढावा, गंजरोधक प्राइमर द्यावा, मगच रंग. प्लॅस्टिकच्या बंपरला गंज चढत नाही, त्यामुळे तिथे घाई नाही. पण उघड्या प्लॅस्टिकवर रंग धरण्यासाठी वेगळा प्राइमर लागतो.

मर्यादा. भर पावसाळ्यात रंगकाम टाळावे. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थर दुधाळ पडतो. आयसोसायनेट हार्डनरचा क्लिअर कोट घरी फवारू नये. त्याने श्वसनाला गंभीर अपाय होऊ शकतो. मोठा भाग रंगवायचा असेल किंवा पत्रा चेपला असेल, तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडेच जावे.

सारांश, घरच्या दुरुस्तीने पत्र्याचे रक्षण चांगले साधते. मूळ रंगाशी तंतोतंत मेळ क्वचितच साधतो. अग्रक्रमही त्यावरूनच लावावा. दारावरचा हातभर लांब, वरवरचा ओरखडा दिवाळीपर्यंत थांबू शकतो. खडा उडून बोनेटवर पडलेला, पत्रा दाखवणारा तिळाएवढा टवका मात्र मृगाच्या आधी बुजवायला हवा.