गोठणाऱ्या थंडीत हॉट टबची ऊब कशी टिकते?

अमेरिकेतील मिनेसोटासारखी उत्तरेकडील राज्ये आणि कॅनडाचा बराचसा भाग येथे जानेवारीत पारा उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरणे नवलाचे नाही. अशा थंडीत घरामागील अंगणात, भोवती बर्फ साचलेले असताना, ३८-३९ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसण्याची हौस तेथे चांगलीच रुजली आहे. तेथे स्थायिक झालेल्या मराठी मुलांकडे हिवाळ्यात जाणाऱ्या आईवडिलांना पहिला प्रश्न पडतो तो हाच, की उघड्यावर ठेवलेला हा हौद गोठत कसा नाही? हीटर असतोच, पण एकट्या हीटरच्या भरवशावर हे काम भागत नाही.

मुळात ही वस्तू कॅलिफोर्नियाच्या सौम्य हवेत वाढली. इटलीतून तेथे गेलेल्या जकुझी बंधूंचा पंप बनविण्याचा व्यवसाय होता. त्यांपैकी कँडिडो जकुझी यांच्या मुलाला संधिवात होता. त्याला घरच्या घरी जलोपचार मिळावेत म्हणून तयार केलेला, बाथटबमध्ये ठेवता येणारा पंप १९५६ मध्ये बाजारात आला. १९६८ मध्ये त्याच कुटुंबातील रॉय जकुझी यांनी पाण्याच्या झोतांची यंत्रणा टबातच बसविली. उष्णता जपण्याचा प्रश्न कॅलिफोर्नियात फारसा तीव्र नव्हता. टब उत्तरेकडे सरकला तेव्हा तो खऱ्या अर्थाने उभा राहिला.

थोडा हिशेब मांडला, तर त्याचे स्वरूप ध्यानात येते. मध्यम आकाराच्या टबात साधारण १५०० लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला पावणेदोन युनिट वीज लागते. नळाचे १० अंशांचे पाणी ३९ अंशांवर नेण्यासाठी सुमारे ५० युनिट हवीत. हा खर्च मात्र पाणी बदलले की एकदाच येतो. रोजचा खर्च आहे तो निसटणाऱ्या उष्णतेचा. त्यातही पाण्याची वाफ हा सर्वांत मोठा चोर. एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले, की ते जवळजवळ दोन तृतीयांश युनिट ऊर्जा सोबत नेते. टब उघडा असेल आणि वर वारा वाहत असेल, तर बाजूच्या भिंतींना कितीही जाड अस्तर लावले तरी ते व्यर्थ होय.

म्हणून हिवाळी तयारीची सुरुवात झाकणापासून करावी. चांगल्या झाकणात थर्मोकोलच्या जातीचा, पण अधिक घट्ट फोम असतो. तो मध्यभागी पाच इंच आणि कडेला तीन इंच असा उतरता ठेवतात, म्हणजे वितळलेल्या बर्फाचे पाणी साचत नाही. या फोमभोवती वाफ अडविणारा प्लॅस्टिकचा पडदा आणि त्यावर रेक्झिनसारखे जाड आवरण असते. आतला पडदा फाटला, की फोम वाफ पिऊ लागतो. काल-परवापर्यंत एका हाताने उचलले जाणारे झाकण दोघांनाही उचलेनासे झाले, तर ते ओले झाले आहे असे खुशाल समजावे. ओला फोम उष्णता रोखत नाही, आणि असे झाकण उन्हात वाळवून पूर्ववत होत नाही. ते बदलणे हाच उपाय आहे. टब नवा घेण्याचा विचार करणाऱ्या अनेकांची अडचण प्रत्यक्षात एका झाकणाचीच असते.

झाकण मधोमध दुमडते, तेथील फट हे दुसरे दुखणे. कडाक्याच्या सकाळी झाकणाच्या कोणत्या भागातून वाफ निघते आणि कुठला बर्फ आपोआप वितळतो, हे पाहिले तरी गळती सापडते. फटीत फोमची सलग पट्टी बसवून घ्यावी. पाण्यावर तरंगणारी फोमची पातळ चादर बाष्पीभवन रोखतेच, शिवाय झाकणाचे आयुष्यही वाढविते. आपल्याकडच्या सोलर वॉटर हीटरची टाकी रात्रभर पाणी गरम ठेवते, तीही अशीच चारी बाजूंनी बंद आणि पफने वेढलेली असते. टबाला मात्र वरची बाजू रोज उघडावी लागते, एवढाच फरक. झाकणावर साचलेले बर्फ मऊ झाडूने काढावे. फावड्याने आवरण फाटते.

बाजूंबाबत उत्पादकांत दोन पंथ आहेत. काही जण टब आणि बाहेरचे आवरण यांमधील पोकळी पॉलीयुरेथेन फोमने पूर्ण भरतात. काही जण केवळ बाहेरच्या फळ्यांना अस्तर लावून मधली हवा मोटारीच्या उष्णतेने गरम राहू देतात. पहिल्या प्रकारात नळीची गळती शोधण्यासाठी फोम खरवडून काढावा लागतो. तरीही अतिथंड प्रदेशात तोच उजवा वाटतो, कारण नळ्या फोममध्ये लपेटलेल्या राहतात. ज्यांच्या टबात पोकळी रिकामी आहे, त्यांना फळ्यांच्या आतून फोमचे ताठ तक्ते बसविता येतात. मात्र मोटारीला हवा मिळण्याच्या झडपा बंद करू नयेत आणि विजेच्या पेटीला अस्तर चिकटवू नये. भरलेला टब माणसांसह दोन टनांच्या घरात जातो, त्यामुळे खाली घालायचा फोमही भार सोसणाराच हवा.

कॅलिफोर्नियाने २००६ पासून अशा टबांच्या वीजवापरावर मर्यादा घातली आणि २०१९ मध्ये ती कडक केली. त्यानुसार १५०० लिटरच्या टबाला झाकण बंद असताना सरासरी २४४ वॉटच्या आसपास वीज चालते. ही चाचणी १५-१७ अंशांच्या हवेत होते. बाहेर उणे २० अंश असतील, तर तापमानातील फरक अडीचपट होतो आणि गळतीही ढोबळमानाने तेवढीच वाढून दिवसाला १५ युनिटपर्यंत जाते.

याच आकड्यात वीज गेल्यावर काय होईल याचेही उत्तर आहे. चांगला झाकलेला टब उणे २० अंशांतही पहिल्या दिवसात सुमारे आठ अंशच उतरतो. धोका असतो तो पंप आणि बारीक नळ्यांना. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि नळ्या फुटतात. जानेवारी १९९८ च्या हिमवादळात क्युबेक आणि परिसरातील लाखो घरे अंधारात गेली, काही तर महिन्याहून अधिक काळ. फेब्रुवारी २०२१ मध्ये एरवी उबदार असलेल्या टेक्सासमध्येही असंख्य घरांच्या नळ्या फुटल्या. टबातील गोठणविरोधी यंत्रणा पंप चालवून पाणी फिरते ठेवते, पण तिलाही वीजच लागते.

वीज जाताच झाकण घट्ट बंद ठेवावे. 'पाणी किती गार झाले' हे पाहण्याचा मोह टाळावा. जनित्र असल्यास पंपाच्या कप्प्यात, फोमपासून दूर, साध्या तारेचा ६० ते १०० वॉटचा दिवा लावल्यानेही नळ्या वाचू शकतात. जनित्र घराबाहेरच ठेवावे. १९९८ च्या त्या वादळात कार्बन मोनॉक्साइडनेही बळी घेतले होते.

पाण्याचे तापमान ४० अंशांपलीकडे नेऊ नये. अतिउष्ण पाण्यामुळे काही मृत्यू झाल्यानंतर अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९७९ मध्ये ही मर्यादा ठरविण्यास मदत केली. हृदयविकार वा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

हिवाळाभर परगावी जायचे असेल, तर टब रिकामा करणे हिताचे. मात्र तळाची तोटी उघडून मोकळे होता येत नाही. नळ्यांच्या वळणांत पाणी उरतेच. ते व्हॅक्यूमने ओढून घ्यावे लागते, पंपाची जोडणी सैल करावी लागते आणि उरल्यासुरल्या पाण्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकोलचे गोठणरोधक घालावे लागते. मोटारगाडीच्या रेडिएटरसाठी मिळणारे एथिलीन ग्लायकोलचे द्रावण विषारी असल्याने ते टबात कदापि वापरू नये.