रंग पाणी अडवत नाही, तरी गंज थांबतो : भांडुपच्या लोखंडाची गोष्ट

१८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले होते. मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटापर्यंत लोहमार्ग नेण्याची कल्पना त्यांना तेथेच सुचली, अशी नोंद रेल्वेच्या इतिहासात आढळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली पहिली गाडी भांडुपवरूनच गेली. लोखंड असे या गावात आले.

लोखंडाला याहून गैरसोयीची जागा मिळणे कठीण. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मिठागरे, वाऱ्यात क्षार आणि वर्षातले चार महिने पाऊस.

यावरचा जुना उपाय मराठी माणसाला परका वाटू नये. तो म्हणजे शेंदूर. मारुतीच्या मूर्तीला तेलात कालवून चढवतात तोच. रसायनशास्त्राच्या भाषेत ते शिशाचे ऑक्साइड. जवसाच्या तेलात घोटून त्याचा पहिला हात पूल, जहाजे आणि टाक्यांवर दिला जाई. लोखंड टिके; पण जुना थर खरवडणाऱ्या रंगाऱ्याच्या श्वासातून शिसे त्याच्या रक्तात उतरे. त्या टिकाऊपणाची किंमत कोणी मोजली, हेही या इतिहासात यायला हवे.

रंग गंज कसा रोखतो, याचे उत्तर फार काळ गृहीत धरलेले होते : तो पाणी आणि हवा आत जाऊ देत नाही. केंब्रिजचे संशोधक जे. ई. ओ. मेन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे गृहीतकच उलटवले. रंगाच्या थरातून झिरपणारे पाणी आणि प्राणवायू उघड्या लोखंडाला गंजवण्यास पुरेसे असतात, असे त्यांनी दाखवले. मग रंग करतो तरी काय?

गंज ही मुळात विजेची क्रिया आहे. लोखंडाच्या पृष्ठभागावर एका ठिकाणी, धनाग्रावर, धातू विरघळतो. दुसऱ्या ठिकाणी, ऋणाग्रावर, प्राणवायू इलेक्ट्रॉन स्वीकारतो. इलेक्ट्रॉन धातूतून वाहतात; मंडल पूर्ण होण्यासाठी पाण्यातून आयनांनी फिरावे लागते. रंग ही आयनांची वाट अवघड करतो. तो भिंतीपेक्षा विजेच्या मंडलात बसवलेल्या रोधासारखा वागतो.

हा रोध मोजता येतो. बेकन, स्मिथ आणि रग या अमेरिकी संशोधकांनी १९४८ साली तीनशेहून अधिक लेपांच्या मोजमापांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. समुद्राच्या पाण्यात राहूनही ज्या लेपाचा रोध दर चौरस सेंटिमीटरला दहा कोटी ओहमच्या आसपास टिकला, तो चांगला ठरला. दहा लाखांपर्यंत घसरलेला कुचकामी. डोळ्यांना थर शाबूत दिसत असतानाच रोध कोसळू लागतो. म्हणजे तांबूस डाग उमटण्याची वाट न पाहता लेपाचे भवितव्य कळू लागले.

मेन यांच्या पुढच्या कामातून आणखी एक बाब समोर आली. एकाच थरात काही सूक्ष्म भाग असे असतात की बाहेरच्या पाण्यातले क्षार वाढले की त्यांचा रोध उतरतो. गंजाची सुरुवात याच दुबळ्या जागांखाली होते. एकावर एक हात दिले की एका थरातली दुबळी जागा दुसऱ्या थरातल्या दुबळ्या जागेवर नेमकी येण्याची शक्यता घटते. एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात बरे, ही रंगाऱ्यांची जुनी रीत प्रयोगशाळेने अशी खरी ठरवली.

१९४२ साली मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेल्या एशियन पेंट्सचा मोठा कारखाना भांडुपला उभा राहिला, तो या संशोधनानंतरच्याच काळात. २०१४ साली तेथील रंगाचे उत्पादन थांबले.

मात्र लेपाच्या रोधाची अवघड परीक्षा जमिनीखाली होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. तोच प्रवाह पुढे भांडुपवरून जाणाऱ्या मार्गावरही आला. गाडीला दिलेली वीज रुळांतून परतते. पण तिचा काही अंश रूळ सोडून मातीत शिरतो आणि वाटेत पुरलेला लोखंडी नळ लागला तर त्यातून धावतो. नळ सोडून पुन्हा मातीत उतरताना ती धातू सोबत नेते. एक अँपिअर प्रवाह असा वर्षभर वाहिला तर सुमारे नऊ किलो लोखंड विरघळते.

येथे चांगला लेपही उलटू शकतो. संपूर्ण नळ उत्तम झाकलेला असेल आणि टाचणीच्या टोकाएवढेच छिद्र राहिले असेल, तर बाहेर पडणारा सगळा प्रवाह त्याच छिद्रात एकवटतो. उघडा नळ सर्वांगाने हळूहळू झिजला असता. झाकलेला नळ एका जागी आरपार भोकसला जातो. म्हणून पुरलेल्या नळांना लेपाच्या जोडीला विजेचे संरक्षणही देतात. त्याचे मूळ हम्फ्री डेव्ही यांच्या १८२४ च्या प्रयोगांत सापडते. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळावरचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्यांनी त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. झीज त्या तुकड्यांनी सोसली आणि तांबे वाचले. गंमत अशी की न झिजणाऱ्या तांब्यावर शंख-शिंपले इतके बसले की जहाजांचा वेग मंदावला.

मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील एकदिश प्रवाह टप्प्याटप्प्याने काढून २०१६ पर्यंत त्या जागी २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. दिशा सतत पालटत असल्याने तो लोखंडाला तितक्या प्रमाणात विरघळवत नाही. खाडीचा खारा वारा मात्र भांडुपवर पूर्वीसारखाच येतो.