विमा का उतरवितात?

कॅलिफोर्नियात घरांच्या छपरांची कामे घेणाऱ्या माझ्या भाच्याने तेथील कंत्राटदारी परवान्याच्या अटी एकदा मला वाचून दाखविल्या आणि त्यांतील दोन गोष्टींना मराठीत काय म्हणावे असे विचारले. एक, पंचवीस हजार डॉलरांचा बाँड. दुसरी, कामगाराला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा. दोन्ही कागद विमा कंपन्यांकडूनच मिळत असल्यामुळे तो दोहोंनाही विमाच म्हणत असे. परंतु या दोन वस्तूंची कुळे वेगळी, घराणी वेगळी आणि मराठीच्या अंगणात त्या आल्या ती दारेही वेगळी, असे मला त्याच क्षणी वाटले आणि त्या वाटण्याने पुढे माझी पाठ सोडली नाही.

बाँडाचे कूळ चटकन सापडले. त्या रकमेवर हक्क पोहोचतो तो परवान्याच्या नियमभंगाने नाडलेल्या घरमालकाचा आणि ज्याची मजुरी बुडविली त्या मजुराचा. आणि कंपनीने त्यांना पैसे चुकते केले की ती तेच पैसे कंत्राटदाराकडून वसूल करावयास येते. हा विमा नव्हे, हा जामीन होय. आमच्या जुन्या दप्तरांत जामिनाचे प्रकार मोठ्या काटेकोरपणे वेगळे ठेवलेले आहेत : माणूस हजर करण्याची हमी देणारा तो हाजिरजामीन, पैशाची हमी देणारा तो मालजामीन, आणि एखाद्याच्या पुढील वर्तणुकीची हमी देणारा तो फैलजामीन. ‘फैल’ म्हणजे अरबीत कृत्य. कॅलिफोर्नियाचा बाँड हा कंत्राटदाराच्या कृत्याबद्दलचाच जामीन असल्यामुळे, मालजामिनाचे थोडे मिश्रण असलेला तो फैलजामीनच आहे, असे मी भाच्याला कळविले, आणि या निर्णयाबद्दल मला आजही तिळमात्र शंका नाही.

या व्यवस्थेचा सर्वपरिचित इतिहास एका दमात सांगता येतो : घर कोसळून मालक दगावल्यास बांधणाऱ्याला देहान्त सांगणारा हम्मुराबी, सरकारी बांधकामांवर जामीन सक्तीचा करणारे अमेरिकेतील १८९४ आणि १९३५ चे कायदे, १८८४ चा जर्मनीतील अपघातविमा, कॅलिफोर्नियात मालकांवर भरपाईचे दायित्व सक्तीने टाकणारा १९१३ चा कायदा, आणि १९२९ साली तेथे कंत्राटदारांच्या परवान्यांसाठी स्थापन झालेले मंडळ. अमेरिकेत जामिनाची सक्ती आधी आली, भरपाईची मागून आली, एवढेच यातून आपल्या कामाचे.

खरा गुंता आहे तो ‘विमा’ या शब्दात. फारसीत ‘बीम’ म्हणजे भय. त्याचे नाते संस्कृत ‘भी’ धातूशी निर्विवाद आहे, म्हणजे आपला भीम आणि आपला विमा हे दूरचे का होईना, पण आप्त ठरतात. येथवर सारे कोशकार सुखाने सोबत येतात. पुढे मात्र वाट फुटते, कारण आज इराणात विम्याला ‘बीमे’ म्हणतात खरे, पण तो शब्द हिंदुस्थानातून तिकडे गेला असे सांगणारे कोशकार इराणातही आहेत. म्हणजे फारसी बीजाचे रोप हिंदुस्थानच्या मातीत वाढून माहेरी परतले. कोणी ‘वि’ उपसर्ग आणि ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूकडे बोट दाखवील. परंतु त्या वाटेने विमान सिद्ध होते, विमा नव्हे, कारण व्यापाऱ्याच्या वहीतला शब्द संस्कृत धातूवरून पाडला गेला असे मानण्यास काडीचाही आधार नाही.

मला अडविले ते आरंभीच्या ‘व’ने. फारसी ‘ब’ मराठी सहसा बदलत नाही : बाजार, बंदर, बाग, बंदोबस्त, बरखास्त. दफ्तरखान्यातून आलेला हा शब्द असता तर आपण हिंदीप्रमाणे ‘बिमा’च म्हटले असते. गुजराती मात्र ‘वीमो’ म्हणते, आणि क्रियापदही आपलेच वापरते : वीमो उतराववो. माझा सिद्धान्त असा, की जामीन मराठीत सरकारी कचेरीच्या दारातून आला आणि विमा सुरतेकडच्या पेढ्यांवरून, बंदराच्या धक्क्यावरून आला. उत्तरेकडील ‘ब’ला संस्कृताच्या ओढीने ‘व’ करण्याची शिष्टांची खोड यामागे असेल, असा प्रतिपक्ष संभवतो. पण ती खोड नेमकी याच शब्दाला लागावी आणि क्रियापदासकट गुजरातीशी जुळावी, हा योगायोग मला पचत नाही.

आता ते क्रियापद. जामीन ‘राहतो’, कारण तो माणूस असतो, विमा ‘उतरवितात’. का? वहीत मालाची यादी उतरवून घेतात त्यावरून, असे एक अनुमान सुचते. पण मग हुंडीही उतरविली गेली असती, आणि हुंडी तर लिहितात. दुसरे अनुमान मला फार दिवस मोहवीत होते. गुजरातच्या किनाऱ्यावर जोखमी हुंडी चाले : माल पाठविणारा आपल्या आडत्यावर हुंडी लिही, ती घेणारा सावकार जोखमीचा आकार कापून रक्कम देई, आणि माल सुखरूप बंदरात उतरला तरच ती हुंडी वटे, माल बुडाला तर सावकाराचे पैसे बुडाले. तेव्हा माल ‘उतरतो’ म्हणून विमा ‘उतरवितात’! परंतु माल उतरतो प्रवासाच्या शेवटी आणि विमा उतरवितात आरंभी, या आक्षेपापुढे ही कल्पना टिकत नाही, हे मला मोठ्या नाइलाजाने मान्य करावे लागले. उरते ते ओझे. डोक्यावरची जोखीम उतरवून दुसऱ्याच्या डोक्यावर द्यावयाची, हाच मूळ अर्थ असला पाहिजे. दृष्ट उतरवितात तीही याच न्यायाने, भयाचेच ओझे म्हणून.

हे डोके कोणाचे, याचा विचार आपल्याकडील कायद्याने फार स्पष्ट केला. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे मक्तेदाराचा, म्हणजे मराठवाड्यातल्या गुत्तेदाराचा, मजूर कामावर जखमी झाला तर भरपाई आधी मूळ धन्याने द्यावयाची आणि मग ती मक्तेदाराकडून वसूल करावयाची असा नियम होता. म्हणूनच शहाणा धनी मक्तेदाराला आवारात पाऊल टाकू देण्यापूर्वी विम्याचा कागद मागत आला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात मक्तेदाराला परवाना सक्तीचा करणारे कलमही १२ वेच निघाले, आणि त्या परवान्यासाठी अनामत ठेवावी लागे ती फैलजामिनाच्याच जातीची.

भाच्याच्या धंद्यात छपराच्या कामाला तर पदरी एकही मजूर नसला तरी विमा उतरविल्याचा पुरावा दिल्यावाचून परवाना जिवंत राहत नाही, कारण छपरावरून माणसे पडतात. काँक्रीट ओतणारे, वातानुकूलनाची यंत्रे बसविणारे आणि झाडे तोडणारे यांनाही २०२३ पासून तोच नियम लागू झाला; उरलेल्यांना तो १ जानेवारी २०२८ पासून लागावयाचा आहे. भाच्याने आपल्या कागदपत्रांच्या दोन वेगळ्या पिशव्या केल्या आहेत, आणि एकीवर त्याने देवनागरीत ‘फैलजामीन’ असे लिहिले आहे.