खोक्यातले पूर्वज

आज एका कादंबरीतून इतिहासात शिरायचंय. अँजेलिन बूली ही अमेरिकेतल्या सू सेंट मरी इथल्या ओजिब्वे समाजाची लेखिका. २०२३ मध्ये तिची ‘वॉरियर गर्ल अनअर्थ्ड’ आली. नायिका पेरी, वय १६, मिशिगनमधल्या शुगर आयलंडवर राहणारी. उन्हाळी इंटर्नशिपमध्ये तिला कळतं की तिच्याच लोकांच्या अस्थी एका कॉलेजच्या खोक्यांत पडून आहेत, आणि कॉलेज त्या परत देत नाहीये. मग पोरं ठरवतात, आपणच उचलून आणू. पुढचं सांगत नाही, वाचा.

पण अस्थी खोक्यात गेल्याच कशा? चोर कोण? इथे उत्तर जरा विचित्र आहे, कारण यातली बरीच चोरी सरकारी होती. १८६८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या सर्जन जनरलने लष्करी डॉक्टरांना आदिवासींच्या कवट्या जमवून पाठवायला सांगितलं. कशासाठी? मोजायला! त्याआधीच, १८३९ मध्ये, फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टनने ‘क्रॅनिया अमेरिकाना’ छापून कवटीच्या मापावरून वंशांची क्रमवारी लावायचा उद्योग केला होता. पुढे पुरातत्त्वज्ञ आले, हौशी संग्राहक आले. कबरी उकरल्या गेल्या, माणसांना नंबर पडले आणि खोकी तळघरात गेली.

आता १९७१ मध्ये चला. आयोवा राज्य, ग्लेनवुड गाव. रस्त्याच्या कामात एक जुनी दफनभूमी लागली. त्यात २६ गोऱ्या वसाहतकऱ्यांचे अवशेष निघाले. ते नवीन शवपेट्यांत घालून दुसरीकडे सन्मानाने पुरले. त्याच जागी एक आदिवासी बाई आणि तिचं बाळही निघालं. त्या दोघांचं काय केलं? प्रयोगशाळेत पाठवलं. एकच जमीन, एकच खोदकाम, आणि प्रोसेस दोन.

हे मारिया पिअर्सन या यँक्टन डकोटा बाईंना कळलं ते त्यांच्या नवऱ्याकडून. तो रस्ते खात्यात इंजिनिअर होता. (आम्हा इंजिनिअर लोकांचा घरी येऊन कामाचं बोलायचा रोग कधीतरी उपयोगी पडतो, हे नोंदवून ठेवते.) बाई पारंपरिक पोशाख घालून थेट गव्हर्नर रॉबर्ट रे यांच्या ऑफिसात जाऊन धडकल्या. त्या लढ्यातून १९७६ मध्ये आयोवात आदिवासींच्या कबरींना संरक्षण देणारा कायदा झाला आणि पुढच्या देशव्यापी कायद्याची वाट तिथून निघाली.

तो देशव्यापी कायदा म्हणजे १९९० चा नॅग्प्रा. सरकारी निधी घेणाऱ्या प्रत्येक म्युझियमने आणि विद्यापीठाने आपल्याकडच्या अस्थी, त्यांच्यासोबत पुरलेल्या वस्तू आणि पवित्र वस्तूंची यादी करायची, संबंधित जमातीशी बोलायचं, परत द्यायचं. अस्थींच्या याद्यांना मुदत पाच वर्षं. झालं ना काम?

नाही झालं. यादीत एक कॅटेगरी होती, ‘सांस्कृतिक ओळख न पटणारे’. म्हणजे हे अवशेष नक्की कुठल्या जमातीचे ते सांगता येत नाही. ज्यांनी डेटाबेसवर काम केलंय त्यांना माहीत असेल, ‘अननोन’ हा पर्याय ठेवला की लोक तोच निवडतात, कारण पुढचं काम वाचतं. ओळख पटवायची म्हणजे जमातींना फोन करा, त्यांच्या मौखिक इतिहासाला पुरावा माना. त्यापेक्षा ‘ओळख नाही’ लिहा आणि फाइल बंद करा. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने जानेवारी २०२३ मध्ये हिशोब मांडला, तेव्हा १,१०,००० हून जास्त माणसांचे अवशेष अजून संस्थांकडेच होते. कायदा होऊन तेहतिसावं वर्ष चालू होतं. मला तरी याला आळस म्हणवत नाही.

आणि फक्त हाडंच नाहीत. हार्वर्डच्या पीबडी म्युझियमने २०२२ मध्ये कबूल केलं की त्यांच्याकडे सरकारी बोर्डिंग शाळांतल्या सुमारे ७०० आदिवासी मुलांच्या केसांच्या बटा आहेत, १९३० च्या दशकात कापून घेतलेल्या. जिवंत मुलांच्या.

बरं, परत देणं म्हणजे नुसतं कुरिअर करणं नव्हे. कॅनडात, जिथे नॅग्प्रा लागू नाही, विनिपेग विद्यापीठाच्या म्युझियममध्ये पाउइंगासी या छोट्या अनिशिनाबे वस्तीतल्या वस्तू होत्या. (ओजिब्वे हे अनिशिनाबेंपैकीच.) त्यात नामिवान नावाच्या प्रसिद्ध वैद्याचा ढोलही होता. १९९० च्या दशकाच्या शेवटी या वस्तू म्युझियममधून बाहेर गेल्या, त्याही भलत्याच गटाकडे. तो गटही अनिशिनाबेच, जुने विधी पुन्हा जागवणारा, पण नामिवानच्या वस्तीशी संबंध नसलेला. नामिवानच्या घरच्यांना पत्ताच नाही. प्रकरण थेट प्रांताच्या ऑडिटर जनरलपर्यंत गेलं. मॉरीन मॅथ्यूज यांनी या ढोलावर अख्खं पुस्तक लिहिलंय.

इथे भाषेची एक गंमत आहे. आपण मराठीत ढोल पुल्लिंगी, ढोलकी स्त्रीलिंगी करतो. ओजिब्वेत ‘तो’ आणि ‘ती’ला वेगळे शब्दच नाहीत, तिथे नामं सजीव किंवा निर्जीव असतात, आणि ढोल सजीव आहे. दगडसुद्धा. त्यामुळे म्युझियमच्या रजिस्टरमध्ये ‘वस्तू’ म्हणून लिहिलेलं नाव घरच्यांच्या व्याकरणात बसतच नाही.

१२ जानेवारी २०२४ पासून नॅग्प्राचे नवे नियम लागू झाले. ‘ओळख न पटणारे’ ही कॅटेगरी काढून टाकली. जमातींच्या ज्ञानाला वजन दिलं. संमतीशिवाय प्रदर्शन बंद. त्याच महिन्यात शिकागोच्या फील्ड म्युझियमने काही काचपेट्या झाकल्या आणि न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने दोन दालनं बंद केली. याद्या नव्याने करायला मुदत परत पाच वर्षं, म्हणजे जानेवारी २०२९. कादंबरीतला उन्हाळा मात्र २०१४ चा आहे. पेरीच्या हातात यातलं काहीच नव्हतं.